अठ्ठावीस पौंडांचा हिशेब

१७७६ सालच्या सप्टेंबर महिन्यात लंडनमधल्या एका वयोवृद्ध धर्मोपदेशकाला सरकारच्या अबकारी खात्याचं पत्र आलं. इंग्लंडात त्या काळी चांदीच्या भांड्यांवर कर होता. ज्यांच्या घरात अशी भांडी असणारच, पण ज्यांनी ती अद्याप जाहीर केलेली नाहीत, अशा मंडळींना खात्यानं पत्रं धाडली होती. भाषा अर्थातच सरकारी. तुमच्याकडे चांदी आहे याविषयी आम्हांला शंका नाही, तेव्हा विनाविलंब तपशील कळवा, असा तिचा रोख. उत्तर चार ओळींत गेलं. लंडनला आपले चांदीचे दोन चमचे आहेत आणि ब्रिस्टलला दोन. सध्या चांदी एवढीच, आणि भोवताली इतक्या लोकांना भाकरीची भ्रांत असताना आणखी घेण्याचा विचार नाही, असा त्याचा आशय होता.

उत्तर लिहिणारे गृहस्थ तेव्हा ७३ वर्षांचे होते. नाव जॉन वेस्ली. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक म्हणून त्यांना जग ओळखतं. पन्नासएक वर्षं घोड्यावरून, आणि उतारवयात घोडागाडीतून, इंग्लंडचा कानाकोपरा त्यांनी पालथा घातला. सुमारे अडीच लाख मैलांचा प्रवास आणि ४० हजार प्रवचनं, असा त्यांच्या कामाचा हिशेब सांगतात. मला मात्र त्यांच्या दुसऱ्याच हिशेबाचं कुतूहल आहे. सारी उमेद बँकेच्या खतावण्यांत घालवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या जमाखर्चाच्या वहीत डोकावण्याची खोड लागते, ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. वेस्लींनी अशी वही जन्मभर लिहिली.

सरकारचा संशय तसा अगदीच वावगा नव्हता. वेस्लींची छोटी, स्वस्त पुस्तकं गोरगरिबांसाठी छापलेली होती. पण ती इतकी खपली, की आपण नकळत श्रीमंत झालो, असं त्यांनाच एकदा लिहावं लागलं. मग चांदी गेली कुठं? या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच त्यांचं चरित्र.

त्यांचा जन्म १७०३ सालचा, लिंकनशरमधल्या एपवर्थ गावातला. वडील सॅम्युएल तिथल्या चर्चचे पाळक, आई सुझाना. या जोडप्याला १९ मुलं झाली, त्यांतली कितीतरी तान्हेपणीच गेली. पाळकाच्या घरात विद्या भरपूर, पैसा मात्र बेताचा. जॉन जेमतेम दोन वर्षांचा असताना, १७०५ साली, त्याच्या वडिलांना कर्ज फेडता आलं नाही म्हणून लिंकनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात जावं लागलं. कर्ज ३० पौंडांहूनही कमी होतं. यॉर्कचे आर्चबिशप चौकशीला आले, तेव्हा त्यांनी सुझानाबाईंना विचारलं की घरात कधी भाकरीचे वांधे झाले का. बाईंनी दिलेलं उत्तर कुठल्याही गृहिणीला कळेल. भाकरी अगदी नव्हतीच असं नाही, पण ती मिळवताना आणि तिचे पैसे चुकते करताना जीव इतका मेटाकुटीला येई, की खाल्लेला घास गोड लागत नसे.

पुढं १७०९ च्या फेब्रुवारीत पाळकांचं घर रात्री पेटलं. पाच वर्षांचा जॉन माडीवर अडकला. खाली एका माणसाच्या खांद्यावर दुसरा चढला आणि त्यानं पोराला खिडकीतून ओढून घेतलं; पाठोपाठ छप्पर कोसळलं. आपला जीव आपल्या मालकीचा नाही, तो कुणीतरी कामासाठी राखून ठेवला आहे, ही जाणीव वेस्लींच्या मनात या प्रसंगापासून रुजली. पैशाबद्दलचा त्यांचा विचार पुढं याच मुळावर वाढला.

शिक्षण लंडनच्या चार्टरहाउस शाळेत आणि मग ऑक्सफर्डला झालं. १७२६ साली ते तिथल्या लिंकन कॉलेजचे फेलो झाले. धाकटा भाऊ चार्ल्स आणि काही मित्र यांच्यासह ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या वेळी अभ्यास, ठरल्या दिवशी तुरुंगातल्या कैद्यांची भेट, असा त्यांचा नेम सुरू झाला. या पद्धतशीर मंडळींना इतर विद्यार्थी चेष्टेनं मेथॉडिस्ट म्हणू लागले. टोपणनाव चिकटलं ते कायमचंच.

त्या दिवसांतली एक गोष्ट वेस्लींनी म्हातारपणी एका प्रवचनात सांगितली. कडाक्याच्या थंडीत एक मुलगी त्यांच्या खोलीवर आली. त्यांच्या मंडळानं चालवलेल्या शाळेतली ती पोर. अंगावर लिननचा पातळ झगा, आणि त्याखेरीज पांघरायला काही नाही. वेस्लींनी खिशात हात घातला, तर हाताला जवळजवळ काहीच लागलं नाही. पैसे नुकतेच खर्च झाले होते. मग त्यांची नजर गेली भिंतीवरच्या चित्रांकडे. जे पैसे या पोरीच्या अंगावर ऊब म्हणून जायला हवे होते ते आपण भिंतीवर टांगले, आणि उद्या धनी हिशेब मागेल तेव्हा काय सांगणार, या विचारानं ते कासावीस झाले.

इथं धनी म्हणजे देव. बायबलमध्ये कारभाऱ्याच्या दाखल्यांतून हा विचार येतो. धन धन्याचं, माणूस नुसता कारभारी, आणि हिशेबाचा दिवस ठरलेला. प्रत्येक ख्रिस्ती माणसानं हे चर्चमध्ये ऐकलेलं असतं. वेस्लींनी ते आपल्या वहीत उतरवलं.

उतरवलं म्हणजे कसं, ते आकड्यांतच पाहण्यासारखं आहे. ऑक्सफर्डच्या मेथॉडिस्टांतल्या एकाचा म्हणून हा हिशेब त्यांनी सांगितला. हा एक म्हणजे ते स्वतःच, असं चरित्रकार मानतात. पहिल्या वर्षी त्याची मिळकत ३० पौंड झाली. खर्चाला २८ लागले, दोन दान केले. दुसऱ्या वर्षी मिळकत ६० पौंड. खर्च तोच २८, दान ३२. तिसऱ्या वर्षी ९० पौंड मिळाले, ६२ गेले. चौथ्या वर्षी १२०, आणि दान ९२.

मी हे आकडे प्रथम वाचले तेव्हा पहिलं लक्ष गेलं ते न बदलणाऱ्या आकड्याकडे. बँकेत मी शेकडो घरांचे आर्थिक व्यवहार पाहिले. पगार वाढला की खर्च त्याच्याआधी दारात येऊन उभा असतो. मोठं घर, मग त्या घराला शोभेल असं सामान, मग त्या सामानाला शोभतील असे पाहुणे. आपण मिळकतीतून खर्च वजा करतो आणि राहिलं तर दान करतो. वेस्लींनी खर्चाला खुंटी मारली आणि वाढलेली सगळी मिळकत पलीकडं सोडली. दशांश देण्याची प्रथा चर्चमध्ये जुनीच होती. पण दहावा भाग दिला की उरलेले नऊ आपले, ही सोय वेस्लींना पटणारी नव्हती. किती दिलं यापेक्षा आपल्यासाठी किती राखलं हा त्यांचा प्रश्न. देवळातल्या पेटीत श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं आणि एका गरीब विधवेनं दोन टोल्या टाकल्या, तेव्हा येशूनं त्या विधवेचं दान मोठं मानलं, ही शुभवर्तमानातली कथा आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. तिचं गणितही हेच आहे.

१७३५ साली वेस्ली अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत धर्मोपदेशाला गेले आणि १७३८ च्या सुरुवातीला निराश होऊन परतले. त्याच वर्षी २४ मे रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत त्यांना श्रद्धेचा तो अनुभव आला, ज्याला ते पुढं आयुष्याचं वळण मानत राहिले. १७३९ पासून ते उघड्यावर प्रवचनं देऊ लागले. चर्चची पायरी न चढणारे खाणकामगार, विणकर, मोलमजुरी करणाऱ्या बाया त्यांच्यापुढं जमू लागल्या. ब्रिस्टलला सभागृह बांधलं गेलं आणि बांधकामाचं कर्ज डोक्यावर बसलं.

ते फेडायचं कसं, यासाठी १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ब्रिस्टलला बैठक झाली. प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना आली. पौंडाचे तेव्हा २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स. म्हणजे रक्कम किरकोळच. तरी कुणीतरी म्हणालं की अनेकांना तेवढंही झेपणार नाही. त्यावर फॉय नावाचे एक कप्तान उभे राहिले. सगळ्यांत गरीब अकराजण माझ्याकडे सोपवा, त्यांना जमलं तर उत्तम, नाही जमलं तर त्यांचे मी भरीन, असं त्यांनी सुचवलं. मग इतरांनीही अकरा-अकरा माणसं वाटून घेतली. दर आठवड्याला पेनी गोळा करायला घरोघर जाताना कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाचं काम सुटलं आहे, कोण दारूच्या गुत्त्याकडे वळलं आहे, हे दिसू लागलं. वेस्लींना जाणवलं की आपल्या हाती कर्जफेडीपेक्षा मोठं काही लागलं आहे. बाराजणांचे हे गट पुढं मेथॉडिस्ट चळवळीचा कणा झाले. वर्गणीसाठी दारात गेलेला माणूस चौकशी करता करता घरचाच झाला.

लंडनचं त्यांचं ठाणं म्हणजे तोफा ओतण्याचा एक जुना, स्फोटानं मोडकळीला आलेला कारखाना. ती जागा त्यांनी डागडुजी करून घेतली. १७४६ साली तिथं गरिबांसाठी दवाखाना निघाला आणि त्याच सुमारास एक कर्जनिधी. या निधीबद्दल वाचताना माझ्यातला बँकवाला सावरून बसला. सुरुवातीचं भांडवल ३० पौंड १६ शिलिंग, तेही गोळा केलेलं. एका वेळी कर्ज २० शिलिंगांपर्यंत, फेड दर आठवड्याला, मुदत तीन महिने. एवढ्याशा पुंजीवर १८ महिन्यांत २५५ माणसांची नड भागली. सावकाराच्या आणि गहाणवटीच्या दुकानाच्या दारात जाणारी ही माणसं. लहान रक्कम, लहान मुदत आणि ओळखीतला ऋणको, या तीन गोष्टी बचतगटांमुळे आज आपल्या खेडोपाडी ठाऊक झाल्या आहेत. वेस्लींनी त्या पावणेतीनशे वर्षांपूर्वी चालवून दाखवल्या. पुढं कर्जाची मर्यादा वाढली. जेम्स लॅकिंग्टन नावाच्या जोडे शिवणाऱ्या एका तरुणानं १७७४ च्या सुमारास या निधीतून पाच पौंड उचलून जुन्या पुस्तकांचं दुकान वाढवलं. पुढं त्यानं लंडनमधलं अवाढव्य पुस्तकालय उभारलं आणि आत्मचरित्रात मेथॉडिस्टांचीच टिंगल केली! म्हातारपणी तो परत त्यांच्यात आला, हेही खरं. चांगला ऋणको कसा निघेल ते आधी कळत नाही, हा अनुभव कुठल्याही कर्जविभागाला नवा नाही.

पैशाबद्दलचं त्यांचं सर्वांत प्रसिद्ध प्रवचन १७६० साली छापलं गेलं. त्यात तीन नियम आहेत. मिळवता येईल तेवढं मिळवावं, वाचवता येईल तेवढं वाचवावं, आणि देता येईल तेवढं द्यावं. पहिल्या नियमाला त्यांनी कुंपण घातलं. स्वतःचं शरीर झिजवून, मन मारून किंवा शेजाऱ्याचं नुकसान करून मिळवलेलं चालणार नाही. कडक दारू विकून पैसा करणाऱ्यांवर त्यांनी तर कोरडेच ओढले. दुसऱ्या नियमात खाण्यापिण्याचे, कपड्यांचे, घरसजावटीचे चोचले छाटले. पण दोन नियम पाळून माणूस थांबला तर काहीच केलं नाही, असं ते बजावतात. नुसता साठवलेला पैसा समुद्रात फेकला काय, जमिनीत पुरला काय आणि बँक ऑफ इंग्लंडमध्ये ठेवला काय, त्यांच्या लेखी सारखंच. ठेवी गोळा करण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला हे वाक्य सोयीचं नाही, पण ते टाळून पुढं जाता येत नाही.

देण्याचा क्रमही त्यांनी सांगितला आहे, आणि तो संसारी माणसाला धीर देणारा आहे. आधी घरच्यांची अन्नवस्त्राची नड, मग श्रद्धेच्या नात्यातली माणसं, मग जमेल तसे सगळेच. धंदा चालवायला लागेल ते आणि देणं फेडायला लागेल ते ठेवायला त्यांची ना नव्हती. मुलांसाठी किती ठेवावं, यावरही ते बोलले. पैशाचा खरा उपयोग ज्याला कळतो त्या मुलाच्या हाती द्यावं. बाकीच्यांना ददात पडणार नाही इतकंच.

मात्र प्रवचनाचा गाभा पुढं आहे. एखादा खर्च करावा की नाही असा संभ्रम पडला, तर माणसानं स्वतःला चार प्रश्न विचारावेत, असं ते सांगतात. मी इथं मालकासारखा वागतोय की कारभाऱ्यासारखा? देवाच्या वचनाला हे धरून आहे का? हा खर्च मी देवापुढं अर्पण म्हणून ठेवू शकेन का? आणि शेवटच्या दिवशी यासाठी मला शाबासकी मिळेल का? तिसऱ्या प्रश्नापाशी मी दरवेळी थांबतो. रविवारी चर्चमध्ये गीत चालू असताना अर्पणाची थाळी फिरते, लोक तीत पैसे टाकतात, प्रार्थना होते. एवढाच उपासनेतला पैशाचा भाग, असं आपण समजतो. वेस्लींनी थाळी आठवडाभर फिरती ठेवली. मीठमिरची घेतानाचा, जोडे घेतानाचा, चित्र विकत घेतानाचा पैसाही देवापुढं ठेवता आला पाहिजे. मग हिशेबाची वही आणि प्रार्थनेचं पुस्तक यांत फरक राहत नाही.

वेस्लींचा हा मार्ग सगळ्यांना जमण्यासारखा होता असं मी म्हणणार नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. वर्षातले बहुतेक दिवस ते प्रवासात, अनुयायांच्या घरी जेवत. १७५१ साली त्यांनी मेरी व्हझेल या विधवेशी लग्न केलं, तिच्या पैशाला हात न लावता तो तिच्या आणि तिच्या मुलांच्या नावे राहू दिला; पण घरात न टिकणाऱ्या नवऱ्याबरोबर तिचा संसार सुखाचा झाला नाही. पैशाच्या बाबतीत चोख असलेला माणूस वेळेच्या बाबतीत घराला काही देऊ शकला नाही, हेही त्या वहीच्या खर्चाच्या बाजूला लिहायला हवं.

लोकांनी आरोपही केले. हा माणूस धर्माच्या नावाखाली गडगंज झाला, अशी कुजबुज चाले. वेस्लींनी १७४३ मध्येच जाहीर लिहून ठेवलं, की देणी आणि पुस्तकांचे व्यवहार सोडून आपल्यामागं दहा पौंड जरी निघाले, तरी साऱ्या जगानं आपल्याला चोर-दरोडेखोर म्हणावं. पुढची ४८ वर्षं त्यांनी हा शब्द डोक्यावर घेऊन काढली. १७८५ च्या जानेवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी, लंडनमधल्या गरिबांना कोळसा आणि पाव वाटताना त्यांच्या लक्षात आलं की यांना कपडेही हवेत. मग हा म्हातारा पाच दिवस दारोदार फिरला. वितळलेल्या बर्फात घोट्यापर्यंत पाय बुडवून त्यानं २०० पौंड मागून आणले आणि मग आजारी पडून अंथरूण धरलं.

तरीही शेवटच्या वर्षांत त्यांच्या लिखाणात एक खंत सतत डोकावते. १७८६ साली त्यांनी ती उघड मांडली. धर्म आला की माणूस कष्टाळू आणि काटकसरी होतो. कष्ट आणि काटकसर आली की पैसा येतो. पैसा आला की गर्व आणि ऐषाराम येतो आणि धर्म निघून जातो. आपल्या अनुयायांचं हेच होत असलेलं ते पाहत होते. गुत्ता सुटलेल्या मजुराच्या गाठीला चार पैसे जमले, पोरांनी दुकान थाटलं, नातवांनी गाडी ठेवली. पहिले दोन नियम सगळ्यांनी पाळले, तिसरा फार थोड्यांनी. या चक्रातून सुटायला त्यांना एकच वाट दिसत होती, ती म्हणजे देत राहणं.

त्यांची चळवळ पुढं समुद्र ओलांडून आपल्या मुंबईतही आली. अमेरिकन मेथॉडिस्ट धर्मोपदेशक विल्यम टेलर मुंबईत आले, तेव्हा त्यांना येऊन मिळाले जॉर्ज बोवेन. बोवेन १८४८ पासून मुंबईत होते. मिशनचा पगार त्यांनी स्वखुशीनं सोडला होता आणि शहराच्या गरीब वस्तीत ते अत्यंत साधेपणानं राहत. १८८८ मध्ये ते मुंबईतच वारले. गेटवे ऑफ इंडियाजवळचं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचं आहे. तिसरा नियम पाळणारे अगदीच संपले नाहीत, एवढं त्यावरून कळतं.

१६ जुलै १७९० रोजी वेस्लींनी हिशेबाच्या वहीत शेवटची नोंद केली. हात इतका थरथरत होता की अक्षर लागत नाही. आजवर हिशेब चोख ठेवला, आता यापुढं ठेवणार नाही. वाचवता येतं ते वाचवतो आणि देता येतं ते, म्हणजे जवळ आहे ते सगळं, देतो, एवढी खात्री पुरे, असा तिचा अर्थ. २ मार्च १७९१ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. जन्मभरात त्यांनी २०,००० ते ३०,००० पौंड दिले असावेत, असे अंदाज चरित्रकारांनी केले आहेत. इच्छापत्रात शवपेटीसाठी घोडागाडी नको, थाट नको, सहा गरीब माणसांनी उचलून न्यावं आणि प्रत्येकाला २० शिलिंग द्यावेत, असं लिहिलं होतं. खिशात आणि टेबलाच्या खणात जे पैसे उरतील ते चार प्रवचनकारांत वाटायचे होते.

२० शिलिंग म्हणजे एक पौंड, म्हणजे त्यांच्या कर्जनिधीतून एका नडलेल्या माणसाला मिळायची तेवढीच रक्कम. या वेळी मात्र ती परत करायची नव्हती.